शोधकबुद्धि आणि आमचें विद्यापीठशिक्षण

सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणान्वयें पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा करण्याची, आणि त्या चौथ्या वर्षांत विद्यार्थ्यास संशोधन करण्याची मुभा देण्याची योजना आमच्या विद्यापीठांच्या दारीं येऊन ठेपली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें या पदवीचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत पहिल्या सहा सत्रांत शेंकडा ७५ किंवा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास, त्याची इच्छा असल्यास, चौथ्या वर्षीं संशोधनाची शाखा घेतां यावी असें म्हटलें आहे. या योजनेनें आम्हांस संतोष झाला नाहीं असें नाहीं. विद्यार्थ्यानें स्वतः कांहीं शोधावें, ही गोष्ट पदवीच्या पायरीवर मान्य होणें हें एक पाऊल पुढेंच आहे. परंतु आमच्या मनांत एक शंका राहून राहून येते, ती आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. तीन वर्षें विद्यार्थ्याकडून केवळ पाठांतर करवून घेऊन चौथ्या वर्षीं त्यास शोध करावयास सांगणें, म्हणजे तीन वर्षें मुलाचे पाय बांधून ठेवून चौथ्या वर्षीं त्यास शर्यतींत उभें करणें होय. तो पडला म्हणजे दोष कोणाचा?

आमच्या विज्ञानशाखेच्या प्रयोगशाळांत काय चालतें हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, त्यांस आमच्या म्हणण्याचा अर्थ तत्काळ कळेल. विद्यार्थ्यानें केलेल्या प्रयोगांची जी वही असते, तिला सर्वत्र ‘जर्नल’ असें म्हणतात. हें जर्नल वरच्या वर्गांतील एकाद्या विद्यार्थ्याच्या जुन्या जर्नलावरून उतरून काढण्याची चाल इतकी रूढ झालेली आहे कीं, तिची आतां कोणास लाज वाटत नाहीं. लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरणाचें मूल्य काढण्याचा साधा प्रयोग घ्या. दोऱ्याला गोळा बांधावा, दोऱ्याची लांबी मोजावी, वीस आंदोलनांस किती वेळ लागला तें पाहावें, आणि गणित करावें. उत्तर काय यावयाचें हें विद्यार्थ्यास पुस्तकावरून आधींच ठाऊक असतें : ९८०, नाहीं तर ९८१. त्याच्या मोजमापावरून उत्तर ९५२ आलें, कीं तो घाबरतो. आणि ९५२ कां आलें याचा विचार न करतां उत्तराकडून मागें मागें येत निरीक्षणांचे आंकडे दुरुस्त करून टाकतो. प्रयोग खोटा, निरीक्षण खोटें, पण उत्तर ‘बरोबर’! अध्यापकहि त्याखालीं सही करून मोकळा होतो. कारण त्याच्यापुढें अशा साठ वह्यांचा ढीग पडलेला असतो.

आणि यांतील खरी गंमत तर पुढेंच आहे. गुरुत्वत्वरणाचें मूल्य पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र सारखें नाहीं. सेंटिमीटरांच्या मानानें तें विषुववृत्ताशीं सुमारें ९७८ आहे, तर ध्रुवांशीं सुमारें ९८३ आहे. मुंबईच्या अक्षांशावर तें ९७९ च्याहि किंचित् खालींच राहतें. म्हणजे जो आंकडा आमचा विद्यार्थी आपलें प्रामाणिक निरीक्षण खोडून वहींत लिहितो, तो मुंबईपुरता खराहि नाहीं! गणित करतां सोयीचें म्हणून पुस्तकानें एक ठोकळ आंकडा दिला. आम्हीं त्यास वेदवाक्य मानलें, आणि त्या वेदवाक्याच्या रक्षणासाठीं मुलांस खोटी साक्ष द्यावयास शिकविलें.

याच लंबकाची एक जुनी हकीकत आहे. सन १६७२ त झां रिशे नांवाचा एक फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेंत विषुववृत्ताजवळच्या कायेन या गांवीं वेध घेण्याकरितां गेला. पॅरिस येथें बिनचूक चालणारें लंबकाचें घड्याळ कायेन येथें दररोज सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. रिशे यानें आपल्या वहींत पॅरिसचाच आंकडा लिहून ठेवला असता, तर त्यास कोणी दोष दिला नसता. पण त्यानें जें दिसलें तें लिहिलें. पुढें न्यूटननें १६८७ च्या आपल्या ग्रंथांत याच निरीक्षणाचा उपयोग करून, पृथ्वी मध्याशीं फुगीर व ध्रुवांशीं चपटी असली पाहिजे या आपल्या सिद्धान्तास आधार दिला. आमच्या देशांतहि १८६५ पासून कॅप्टन बसेव्ही यानें सर्व्हे खात्याच्या वतीनें असेच लंबक दक्षिणेपासून थेट हिमालयापर्यंत वाहून नेले, आणि हेंच काम करीत असतां १८७१ त लडाखच्या थंडींत त्याचा अंत झाला. ज्या आंकड्याच्या शेवटच्या अंकासाठीं माणसांनीं प्राण वेंचले, तो आंकडा आमचीं मुलें वर्गांतील मित्राच्या वहींतून उतरून घेतात. मग चौथ्या वर्षीं त्यांच्याकडून शोधाची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

हा दोष आम्ही विद्यार्थ्यांच्या माथीं मारीत नाहीं, आणि एकट्या अध्यापकांच्याहि नाहीं. याचें मूळ आमच्या विद्यापीठांच्या जन्मकुंडलींत आहे. १८५७ मध्यें कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विद्यापीठें निघालीं, तीं त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघालीं. शिकविणें हें त्यांचें कामच नव्हतें. कॉलेजांनीं शिकवावें, विद्यापीठानें परीक्षा घ्यावी, आणि पदवी द्यावी, अशी ही व्यवस्था होती. त्याच्या सत्तेचाळीस वर्षें आधीं, १८१० त, बर्लिन येथें विल्हेल्म फॉन हुंबोल्ट याच्या योजनेनें जें विद्यापीठ सुरू झालें, त्याचें तत्त्व याच्या उलट होतें. तेथें अध्यापक व विद्यार्थी हे दोघेहि ज्ञानाच्या शोधांतले सोबती. ज्ञान ही तयार झालेली वस्तु नसून अद्याप पुरती न सुटलेली समस्या आहे, अशी तेथील भावना होती. आमच्या वांट्यास बर्लिनचा नमुना आला नाहीं, लंडनचा आला. आणि गंमत अशी कीं, लंडननें आपली ती पद्धति पुढें टाकून दिली, तरी आम्हीं ती उराशीं धरून ठेविली. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस स्वतः शिकविण्याचा अधिकार मिळाला. १९१९ त मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग निघाला, व पॅट्रिक गेडीस यांच्यासारखा, शहर हेंच पुस्तक मानून रस्त्यारस्त्यांतून हिंडणारा अध्यापक त्यास लाभला. परंतु हे विभाग म्हणजे विशाल वाळवंटांतील चार झरे. बाकी सर्व कारखाना परीक्षेचाच राहिला. परीक्षेंत जें विचारलें जात नाहीं तें वर्गांत शिकविलें जात नाहीं, आणि जें वर्गांत शिकविलें जात नाहीं त्याचा विचार करण्याचें धैर्य पुढें कोणास होत नाहीं.

याचा परिणाम असा झाला कीं, आमच्या देशांत नवें ज्ञान पुष्कळसें विद्यापीठांच्या भिंतींबाहेर जन्मास आलें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें खंडामागून खंड प्रसिद्ध केलीं; त्यांच्या हातीं कोणत्याहि विद्यापीठाचा हुकूम नव्हता. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० त निघालें, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ त निघालें, आणि त्या मंदिरानें १९१९ त हातीं घेतलेलें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हजाराहून अधिक हस्तलिखितें ताडून पाहून १९६६ त पुरें केलें. चंद्रशेखर व्यंकट रामन हे कित्येक वर्षें सरकारच्या हिशेब खात्यांत नोकरी करीत आणि सकाळसंध्याकाळ कलकत्त्याच्या एका खासगी संस्थेंत प्रयोग करीत; १९२८ चा त्यांचा जगप्रसिद्ध शोध त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेंत लागला.

जेथें विद्यापीठाच्या वर्गांतच शोध लागला, तेथें काय घडलें तेंहि पाहण्यासारखें आहे. सत्येंद्रनाथ बोस हे डाक्का विद्यापीठांत शिकवीत असत. उष्णतेच्या किरणांविषयींचा प्लँक याचा नियम विद्यार्थ्यांस समजावून देतांना त्याची पुस्तकांतील सिद्धता त्यांच्या मनास पटेना. तींत एक जोड ढिली आहे असें त्यांस वाटे. ‘पुस्तकांत असें आहे, पुढें चला’ असें म्हणून त्यांस सुटतां आलें असतें. तसें न करतां त्यांनीं स्वतःची नवी सिद्धता बसविली व १९२४ त ती आइन्स्टाइन यांजकडे धाडली. आइन्स्टाइन यांनीं ती स्वतः जर्मन भाषेंत उतरवून प्रसिद्ध करविली, आणि आज विश्वांतील कणांच्या एका अर्ध्या जातीस बोस यांचें नांव आहे. शिकविणें आणि शोधणें हीं दोन वेगळीं कामें नव्हेत, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. डेक्कन कॉलेजची गोष्ट अशीच आहे. १९३९ त पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून त्या कॉलेजाचा पुनर्जन्म झाल्यावर प्रा. सांकळिया यांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं कुदळ व ब्रश दिला. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत जें उत्खनन झालें, त्यांतून तीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांचीं घरें, चुली, कणगी व पुरलेलीं माणसें उजेडांत आलीं. त्या खड्ड्यांत उभें राहून जे विद्यार्थी शिकले, त्यांस ‘प्राचीन इतिहास’ हा विषय कधीं घोकावा लागला असेल काय?

आतां कोणी म्हणेल कीं, बोस, रामन व राजवाडे हे असामान्य पुरुष. कल्पकता ही ईश्वरी देणगी आहे, ती शिकवितां येत नाहीं. हा समज फार खोल गेलेला आहे व फार घातकहि आहे. प्रतिभेचा उच्च कोटींतील आविष्कार कोणाच्या हातचा नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण कल्पक विचार म्हणून ज्यास म्हणतात, त्याचीं साधीं अंगें अगदीं घरगुती आहेत. समोर आहे तें असेंच कां, अन्यथा कां नाहीं, असा प्रश्न करणें. त्या प्रश्नाचीं एकाहून अधिक उत्तरें सुचविणें. त्यांतील कोणतें खरें हें कशानें ठरेल तें सांगणें. तो पुरावा गोळा करणें. आणि पुरावा आपल्या आवडत्या उत्तराच्या विरुद्ध गेला तर तें उत्तर सोडून देणें. यांतील प्रत्येक गोष्ट पोहण्याप्रमाणें पाण्यांत उतरूनच येते, आणि उतरल्यावर बहुतेकांस येते. शोधाधिष्ठित शिक्षण याचा अर्थ इतकाच कीं, अध्यापकानें विद्यार्थ्यास काठावर बसवून पोहण्यावर व्याख्यान देण्याऐवजीं त्यास पाण्यांत घ्यावें, आणि प्रथम त्याच्या पोटाखालीं आपला हात ठेवावा.

त्यासाठीं मोठ्या यंत्रांची गरज आहे असें समजण्याचें कारण नाहीं. लासलगांवच्या बाजारांत कांद्याचा भाव सकाळीं काय, दुपारीं काय, आणि त्याच आठवड्यांत नाशकाच्या भाजीबाजारांत तोच कांदा ग्राहकास काय भावानें मिळाला, याचें टांचण तालुक्याच्या कॉलेजांतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनीं एक वर्षभर ठेविलें, तर मागणी-पुरवठ्याचें प्रकरण त्यांस पुन्हां घोकावें लागणार नाहीं. शिवाय मधला पैसा कोठें मुरतो, या त्यांच्या बापाच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नास त्यांच्याजवळ कांहीं उत्तर असेल. मराठी घेऊन बी. ए. होणाऱ्या मुलीनें आपल्या आजीच्या तोंडचे शेतीचे, स्वयंपाकाचे व नात्यांचे शब्द गोळा करून ते छापील कोशांशीं ताडून पाहिले, तर कोशांत नसलेले शब्द तिला शेंकड्यांनीं नसले तरी डझनांनीं खास सांपडतील, आणि भाषाशास्त्र म्हणजे काय हें तिला प्रत्यक्ष कळेल. वनस्पतिशास्त्राच्या वर्गानें कॉलेजच्या आवारांतील बहावा, पळस व आंबा यांस मोहोर व फूल कोणत्या तारखेस आलें याची वही दरसाल पुढच्या वर्गाच्या हातीं सोंपवीत जावी. दहा वर्षांनीं ती वही हवामानाच्या बदलावर एक मोलाची साक्ष होईल. यांत खर्च कागदाचा व चपलांचा! कमतरता आहे ती पैशाची नव्हे, प्रश्न करण्याच्या संवयीची आहे.

या पद्धतीविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, ज्याच्या गांठीं मूलभूत ज्ञानच नाहीं, त्यास शोधावयास सोडून देणें म्हणजे आंधळ्यास रानांत सोडणें होय. हा आक्षेप खरा आहे. नवशिक्यास अल्प मार्गदर्शनानें शिकविण्याचे प्रकार फसतात, असें किर्शनर, स्वेलर व क्लार्क या तीन शिक्षणशास्त्रज्ञांनीं २००६ मध्यें सप्रमाण दाखविलें. म्हणूनच आम्ही वर पोटाखालच्या हाताचा उल्लेख केला. पाया घातलाच पाहिजे. पण तो घालण्याची एकमेव रीत म्हणजे एकानें तासभर बोलावें व शंभरांनीं लिहून घ्यावें, ही नव्हे. विज्ञान व गणित या विषयांच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचें एकत्र परीक्षण अमेरिकेंत २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. निव्वळ व्याख्यानें ऐकणाऱ्या वर्गांत शेंकडा सुमारें ३४ विद्यार्थी नापास होत, तर जेथें विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवीत, वाद करीत व काम करीत, तेथें हें प्रमाण शेंकडा सुमारें २२ होतें, असें त्यांत आढळलें. हार्वर्ड विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर केलेला २०१९ चा एक प्रयोग तर अधिकच बोधप्रद आहे. स्वतः डोकें चालवावें लागलेले विद्यार्थी वस्तुतः अधिक शिकले होते. पण त्यांस स्वतःस वाटे कीं, आपण कमी शिकलों! सुरेख व्याख्यान ऐकून ‘सर्व समजलें’ असा जो सुखद भास होतो, तो किती फसवा असतो हें यावरून दिसेल. आमच्याकडील खासगी शिकवण्यांचा डोलारा बऱ्याच अंशीं याच भासावर उभा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, उत्तम संशोधक हा उत्तम शिक्षक असतोच असें नाहीं. हेंहि खरें. हॅटी व मार्श या दोघांनीं ५८ अभ्यास एकत्र करून १९९६ त असें दाखविलें कीं, अध्यापकाचें संशोधन व त्याचें अध्यापन यांच्या गुणवत्तेंत जवळजवळ कांहींच संबंध आढळत नाहीं. आमच्या मतें यावरून निघणारा धडा हा कीं, अध्यापकांच्या लेखांची संख्या मोजल्यानें विद्यार्थ्यांचें कल्याण आपोआप होत नाहीं. तो संबंध मुद्दाम जोडावा लागतो. अध्यापकाचा शोध त्याच्या खोलींत कुलुपांत राहिला, तर विद्यार्थ्यास त्याचा काय उपयोग? तोच शोध, त्यांतील फसलेल्या वाटांसह, वर्गापुढें मांडला गेला पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत कडू आहे, आणि तो आमच्याच अनुभवांतून आलेला आहे. संशोधन सक्तीचें केलें कीं त्याची नक्कल सुरू होते. बढतीसाठीं लेख पाहिजेत असा नियम झाला तेव्हां पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें पावसाळ्यांतील छत्र्यांसारखीं उगवलीं. प्रबंध विकत लिहून देणारे दुकानदारहि निपजले. २०१८ त अनुदान आयोगास वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम करावे लागले, व त्यांत शेंकडा दहापर्यंतच्या साम्याकडे काणाडोळा करून पुढें शिक्षेच्या पायऱ्या ठरवाव्या लागल्या. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रप्रकल्पांस व संशोधनप्रकल्पांस श्रेयांक देण्याची जी पद्धति नव्या अभ्यासक्रमांत आली आहे, तिचीहि हीच गति होणार नाहीं कशावरून? मागच्या वर्षाच्या बांधीव प्रकल्पाचें पहिलें पान बदलून तोच पुन्हां सादर होऊं लागला, तर जर्नलाचा रोग प्रयोगशाळेंतून सर्व कॉलेजांत पसरला एवढाच अर्थ होईल. त्यांत आतां लेखन करणारीं यंत्रें आलीं आहेत. नोव्हेंबर २०२२ नंतर कोणत्याहि विषयावर चार पानें क्षणार्धांत लिहून देणारें साधन विद्यार्थ्याच्या खिशांत आलें. कित्येकांस यांत शिक्षणाचा अंत दिसतो. आम्हांस यांत एका खोट्या शिक्षणाचा अंत दिसतो. जें उत्तर यंत्र देऊं शकतें, तें पाठ करवून घेण्यांत आतां अर्थ तो काय उरला? पण आपल्या गांवच्या विहिरीला चैत्रांत पाणी किती हात खालीं गेलें, हें विहिरीवर गेल्याशिवाय कोणत्याहि यंत्रास सांगतां येत नाहीं. तें विद्यार्थ्यासच मोजावें लागेल, आणि तुला हें कसें कळलें असा प्रश्न त्यास समोरासमोर विचारणारा अध्यापक असला, कीं नक्कल पांच मिनिटांत उघडी पडते.

आतां आम्ही या प्रश्नाच्या मर्माकडे वळतों. शेंकडा ७५ गुणांची जी अट वर सांगितली, ती कोणाच्या पदरीं पडणार? हे गुण आजच्याच परीक्षांत मिळालेले असणार. म्हणजे ज्यानें विचार न करतां उत्तम पाठांतर केलें, त्यास बक्षीस म्हणून विचार करण्याची परवानगी मिळणार. आणि ज्यास ९५२ कां आलें असा प्रश्न पडला, पण ज्यानें तो आंकडा तसाच लिहिला म्हणून ज्याचे गुण गेले, तो दाराबाहेर राहणार! शिवाय संशोधनाचें मार्गदर्शन करण्यास पात्र असे अध्यापक व साधनें जेथें आहेत तेथेंच हें चौथें वर्ष अर्थपूर्ण होणार. म्हणजे मुंबई, पुणें, नागपूर यांसारख्या शहरांतील मोजकीं कॉलेजें. सन २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांत उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४ कोटि ३३ लक्ष होते. त्यांपैकीं शेंकडा सुमारें ७९ पदवीच्या वर्गांत होते, आणि पीएच. डी. करणारे अवघे २ लक्ष १२ हजार, म्हणजे दोनशांत एक. एकट्या महाराष्ट्रांत कॉलेजें साडेचार हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतील पुष्कळ तालुक्यांच्या व खेड्यांच्या ठिकाणीं आहेत. तेथें ज्यांच्या घराण्यांत कॉलेजचें तोंड पाहणारे हेच पहिले, असे मुलगे व विशेषतः मुली येतात. त्यांस शिकविणारे अध्यापक पुष्कळदां तासिका तत्त्वावर नेमलेले, तासागणिक मजुरी घेणारे, पुढच्या वर्षीं आपण येथें असूं कीं नाहीं याची खात्री नसलेले. अशा अध्यापकानें दहा वर्षें चालणारी बहाव्याची वही कशाच्या बळावर सुरू करावी?

१८८२ त हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं साक्ष दिली, ती येथें आठवते. रयतेच्या करांतून सरकारच्या तिजोरींत पैसा जमतो, आणि त्यांतून उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांस मिळतें, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. आज कॉलेजचें दार सर्वांस उघडें झालें आहे, ही मोठी गोष्ट आहे. परंतु दाराच्या आंत जर दोन दालनें राहिलीं — एकांत थोड्यांनीं विचार करावा, व दुसऱ्यांत बहुतांनीं लिहून घ्यावें — तर जोतीरावांचें गाऱ्हाणें संपलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. विचार करण्याचा हक्क हा पंगतींतील तूप नव्हे, कीं यजमानाच्या जवळ बसलेल्यांस वाढावें आणि टोंकाच्यांस वास द्यावा.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, शोधाचें काम चौथ्या वर्षाची वाट न पाहतां पहिल्या सत्रापासून सुरू व्हावें, आणि तें लहान, स्थानिक व हातानें करतां येण्यासारखें असावें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत १९६९ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलासहि संशोधनांत भाग घेतां येतो, व त्यासाठीं त्याच्या गुणांची वर्गवारी करून वगळावगळ करावी लागत नाहीं. दुसरी, प्रत्येक प्रश्नपत्रिकेंत निदान एक प्रश्न असा असावा कीं, ज्याचें उत्तर कोणत्याहि गाइडांत नाहीं, आणि ज्याचे गुण निष्कर्षास नसून युक्तिवादास आहेत. परीक्षा बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाहीं, हा आमचा दीडशें वर्षांचा अनुभव आहे. तिसरी, प्रयोगवहींतील गुण उत्तर जुळल्याबद्दल न देतां निरीक्षण प्रामाणिक असल्याबद्दल, व चूक कोठून आली असावी याच्या विवेचनाबद्दल द्यावे. या एका गोष्टीस पैसा लागत नाहीं, कायदा लागत नाहीं. एका विभागप्रमुखानें मनावर घेतलें तर ती येत्या सत्रांत होऊं शकते. चौथी, रिकाम्या जागा कायम अध्यापकांनीं भराव्या, आणि त्यांच्या लेखांची गणना करण्यापेक्षां त्यांच्या विद्यार्थ्यांनीं कोणते प्रश्न विचारले हें पाहावें. पांचवी, विद्यार्थ्यास आपला शोध मराठींत मांडण्याची पूर्ण मोकळीक असावी. जो मुलगा मराठींत नवा विचार करतो, त्यास तो अर्धकच्च्या इंग्रजींत लिहावयास लावलें, म्हणजे तो विचार टाकून देऊन पुस्तकांतलें वाक्य उचलतो. आणि मग आपण त्यास चोर म्हणतों.

हें सर्व करतांना कांहीं वर्षें निकाल खालीं येतील, पालक कुरकुरतील, आणि कांहीं अध्यापकांस विद्यार्थ्यांच्या प्रश्नांपुढें ‘मला हें ठाऊक नाहीं, आपण पाहूं’ असें म्हणावें लागेल. या तिसऱ्या गोष्टीची ज्यांस भीति वाटते, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, ज्या वर्गांत गुरूनें हें वाक्य कधीं उच्चारलें नाहीं, त्या वर्गांत शिष्य तरी तें कसें उच्चारणार? आणि ज्यास आपलें अज्ञान उच्चारतां येत नाहीं, तो शोधावयास निघणार कशासाठीं?

येत्या सत्रांत महाराष्ट्रांतील शेंकडों प्रयोगशाळांतून पुन्हां लंबक टांगले जातील. कोठें तरी एकाद्या तालुक्याच्या कॉलेजांत एकादी मुलगी वीस आंदोलनें मोजील, गणित करील, आणि तिचें उत्तर पुस्तकाशीं जुळणार नाहीं. तिचे अध्यापक त्या वेळीं तिच्या बाकाशीं येऊन उभे राहिले, आणि ‘आंकडा खोडूं नकोस, तुझा दोरा पुन्हां मोजूं या’ असें म्हणाले, तर आमच्या विद्यापीठाची सुधारणा त्या बाकापासून सुरू झाली असें आम्ही समजूं.